भेंडवळचा घट आणि अंगणातला डबा

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई. पहाटे वाघ घराण्यातले महाराज पाहणी करून सांगतात: जूनमध्ये पाऊस कमी, ऑगस्टात चांगला, सप्टेंबरात लहरी. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून शेतकरी येतात आणि पेरणीचं मनाशी ठरवून जातात.

याच बुलढाणा जिल्ह्यात पारावर आणखी एक वाक्य नेहमी ऐकू येतं: ‘हवामान बदल वगैरे काही नाही, आमच्या लहानपणीही असंच व्हायचं.’ घटावर भरवसा आणि हवामान बदलावर अविश्वास, दोन्ही पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी असतं. दोन्ही तपासायची रीत मात्र एकच आहे, आणि तिला फारसा खर्चही लागत नाही.

सामान: तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, १६ सेंटिमीटर तोंडाचा आणि निदान २५ सेंटिमीटर उंच स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा, औषधाच्या दुकानात मिळते तशी मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल. पेन नको, पावसात शाई फुटते. १६ सेंटिमीटरच का? या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून डब्यात २० मिलिलिटर पाणी जमलं की १ मिलिमीटर पाऊस झाला. हिशेब तोंडी होतो. डबा वेगळ्या मापाचा असेल तर क्षेत्रफळ काढून आकडा झाकणावर कोरून ठेवा.

जागा निवडताना घाई करू नका. बहुतेक घरगुती नोंदी इथेच बिघडतात. डब्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर हवी. गच्ची नको, तिथला वारा थेंब उडवून नेतो. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर डबा ठेवा. चार विटांत घट्ट बसवा, नाहीतर शेळी पाणी पिऊन जाते आणि वहीत कोरडा दिवस लागतो.

वेळ रोज सकाळी साडेआठची. भारतीय हवामान विभागही पाऊस याच वेळी मोजतो आणि मागच्या चोवीस तासांचं पाणी त्या सकाळच्या तारखेला टाकतो. तुम्हीही तेच करा, नाहीतर रात्रीचा पाऊस तुमच्या वहीत एका तारखेला आणि सरकारी तक्त्यात दुसऱ्या तारखेला दिसेल. पाऊस नसेल तर ‘०’ लिहा. मोजायचं राहिलं तर आडवी रेघ मारा. शून्य आणि रेघ यांत गल्लत झाली की सगळी वही वाया.

वहीत जे दिसलं ते लिहा, का झालं ते लिहू नका. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आठवडाभरात गावोगाव कारणं तयार होती. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले होते. नमुना भरून ठेवलेला होता म्हणून ते कळलं.

तापमान मोजायचं असेल तर कमाल-किमान तापमापी सावलीत, हवा खेळत्या पांढऱ्या फळ्यांच्या पेटीत, सव्वा मीटर उंचीवर, पेटीचं दार उत्तरेकडे करून ठेवा. टिनाच्या छताखालचा आकडा सांगू नका. तो टिनाचा असतो. मोबाइलवर दिसणारा आकडाही तुमच्या गावात मोजलेला असतोच असं नाही. आणि घाटावरचं घाटाखाली लावू नका. बुलढाणा शहर पठारावर, मलकापूर-नांदुरा पूर्णेच्या खोऱ्यात. मे महिन्यात या दोन हवा वेगळ्याच असतात.

आता भाकितांची पाळी. मे संपण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्यात भेंडवळचं भाकीत, दुसऱ्यात हवामान विभागाचं, तिसऱ्यात गावातल्या जाणत्याचं (मृगाचं वाहन सांगून अंदाज देणारा कुणीतरी असतोच). चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: त्यात चारही महिन्यांपुढे डोळे मिटून ‘साधारण’ लिहा. हा मठ्ठ भविष्यवाला. जो या मठ्ठाला हरवू शकत नाही, त्याच्या भाकिताची किंमत काय ते आपोआप कळतं. ऑगस्टात बऱ्यापैकी पाऊस पडेल हे सांगायला ना घट लागतो, ना उपग्रह.

शब्दांचे आकडे आधीच ठरवा. हवामान विभागाची फूटपट्टी वापरा: सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत पडला तर साधारण, त्याखाली कमी, त्यावर जास्त. तालुक्याची महिन्याची सरासरी कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर आहे. ‘लहरी’ या शब्दाला गुण देता येत नाहीत, कारण तो कसाही पाऊस पडला तरी खराच ठरतो. त्यापुढे ‘मोजता येत नाही’ लिहून पुढे जा. हवामान विभागाचीही तपासणी इतकीच कडक करा. त्यांचा हंगामी अंदाज मोठ्या प्रदेशासाठी असतो. तो संग्रामपूरच्या एका शेताला लावून विभागाला नापास करणं अन्याय आहे, पण पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज जरूर तपासा. ऑक्टोबरात गुण मांडा. एका वर्षाच्या गुणांवरून कुणाचीही मिरवणूक काढू नका आणि भेंडवळला जाऊन वाद घालू नका. पुढच्या वर्षी पुन्हा चार रकाने आखा.

पारावरचं वाक्य तपासायला जास्त चिकाटी लागते. ‘पूर्वी आठ-आठ दिवस झड लागायची’ असं म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं की मान डोलावू नका, खोडूनही काढू नका. माणसाला मोठी झड आठवते, तिच्या आधीची कोरडी वर्षं आठवत नाहीत. वहीतून दर हंगामाला तीन आकडे काढा: अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेले दिवस किती, ६४.५ मिलिमीटर ओलांडलेले दिवस किती, आणि सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा. एकूण बेरीज फसवी असते. दोन वर्षांची बेरीज सारखीच येईल; एका वर्षी तो पाऊस सोयाबीनच्या मुळाशी गेलेला असेल, दुसऱ्या वर्षी शेतातली माती घेऊन पूर्णेला मिळालेला असेल.

हे तीन आकडे उगाच निवडलेले नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० च्या रोजच्या नोंदी तपासून २००६ मध्ये दाखवलं की मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. म्हणून एकूण सरासरीत फारसा फरक दिसत नव्हता. त्याच संस्थेच्या रॉक्सी कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं आलं. झड गेली आणि ढगफुटीसारखा पाऊस आला, ही तक्रार एकूण बेरजेत सापडणार नाही. दिवसांच्या मोजणीत सापडते.

मात्र तुमची पाच वर्षांची वही हवामान बदल सिद्ध करत नाही. हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहा. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद, संग्रामपूर भागात पुराने शेतं खरवडून नेली, ती एक घटना. तेवढ्यावरून निकाल लागत नाही. तसंच पुढचा पावसाळा छान गेला म्हणून ‘बघा, काही बदललं नाही’ म्हणणाराही हरतो. हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षं धरतात. तुमच्या गावाच्या मागच्या वर्षांसाठी हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची चौकटवार पर्जन्यमाहिती आहे, १९०१ पासूनची, फुकट. तालुक्यातल्या महाविद्यालयात संगणक जाणणारं एखादं पोर गाठा. १९६१-९० आणि १९९१-२०२० अशा दोन तिशींचे तेच तीन आकडे काढून घ्या आणि पारावर नेऊन ठेवा. आपल्या चौकटीत फरक दिसला नाही तर तेही तसंच सांगा. लपवलेला आकडा उद्या दुसरा कुणी काढतोच.

वहीचा लगेचचा उपयोगही आहे. पेरणीयोग्य म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस असं कृषी खातं सांगतं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेजारी तिफण काढू लागले की डब्याची बेरीज बघा, दुबार पेरणीचा खर्च वाचेल. अतिवृष्टीसाठी मात्र महसूल मंडळातल्या केंद्राचा ६५ मिलिमीटरचा आकडा धरतात, तुमच्या डब्याचा सरकारदरबारी चालत नाही. दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा. मंडळाचं यंत्र किती लांबच्या पावसावर तुमचं शिवार मोजतं ते दोन पावसाळ्यांत दिसेल, आणि ग्रामसभेत बोलायला तारखेसकट आकडे असतील.

दर महिन्याच्या एक तारखेला पानाचा फोटो काढून दोन ठिकाणी पाठवा. गावाला जाताना डबा कोण बघणार ते आधी ठरवा. तीस वर्षं एका माणसाच्याने होत नाहीत, तेव्हा नोंद घ्यायला घरातल्या आठवी-नववीतल्या मुलीला बसवा आणि वहीवर तुमच्या नावाखाली तिचंही नाव घाला.