हे वचन कोणास सांगितले?

(शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय २८ व २९)

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन आपल्या मंडळ्यांस फार प्रिय आहे. देवाचे संकल्प आपल्या लोकांच्या हिताचे असून पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. गावाकडील तरुण पोटापाण्यासाठी अंधेरीस, घाटकोपरास किंवा मुलुंडास निघाला म्हणजे हेच वचन त्यास पुष्कळदा दिले जाते. पुढे काम मिळत नाही, खोलीचे भाडे थकते, आणि वचनच खोटे ठरले असे त्यास वाटू लागते. म्हणून शास्त्र वाचताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, हे केव्हा लिहिले? इ. स. पूर्वी ५९७ च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेमेचा राजा व पुष्कळ लोक धरून नेले. त्या परमुलखी पडलेल्यांस यिर्मयाने पाठविलेले हे पत्र होय.

दुसरा, हे कोणास लिहिले? येथे आपली मराठी साहाय्य करिते. मराठी शास्त्रात देव अब्राहामाशी किंवा मोशेशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो. येथे मात्र 'तुम्ही' आहे. ते आदरार्थी नव्हे, अनेकवचनी होय. मूळ इब्रीतही तसेच आहे. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून, सामान्य जनांस समजावे म्हणून शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्या निवर्तल्या व १९२४ साली ते छापून निघाले. ज्या शब्दांसाठी इतके श्रम झाले, ते आपण घाईने वाचू नयेत.

तिसरा, मागेपुढे काय आहे? दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या वृद्धांस स्वदेश पुन्हा दिसणार नव्हता. अठ्ठाविसाव्या अध्यायातील हनन्या मात्र दोन वर्षांत सुटका होईल असे सांगत होता, आणि तो खोटा ठरला. दहावे वचन गाळून अकरावे सांगणारा नकळत यिर्मयाच्या मुखी हनन्याचा संदेश घालतो.

मग आशा उरली नाही काय? उरली, व ती अधिक भक्कम आहे. पाचव्या ते सातव्या वचनांत घरे बांधावी, बागा लावाव्या, लेकराबाळांचे संसार मांडावे व त्या परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. अमुक दिवशी नोकरी मिळेल असे देव येथे म्हणत नाही. दूर नेलेल्या लोकांस मी विसरलो नाही, असे तो म्हणतो. आणि 'तुम्ही' म्हटले असल्यामुळे त्या आशेचा भार एकट्याने वाहावयाचा नाही. यास्तव उपदेशकबंधूंनो, तरुणास वचन द्याल तेव्हा त्याच्या नव्या वस्तीजवळील मंडळीच्या नावे एक चिठ्ठीही द्या.

विचारासाठी प्रश्न : १. हनन्याचा संदेश लोकांस का गोड वाटला असेल? २. तुमच्या पाठांतरातील एक वचन घ्या. त्याच्या आधीचे व नंतरचे वचन काय सांगते?