नाण्यांच्या प्रदर्शनाला निघालीस? मग जरा ऐक

अगं, पहिल्यांदाच नाण्यांच्या प्रदर्शनाला चालली आहेस, म्हणून चार गोष्टी कानात सांगते. तिथे आपणहून कुणी सांगणार नाही.

आधी पैशांचं. किती खर्चायचे ते घरीच ठरव आणि तेवढेच बरोबर ने. दुपारपर्यंत मात्र पाकिटाला हात लावायचा नाही. आधी सगळे स्टॉल हिंडून ये. एकच नाणं तीन टेबलांवर तीन भावांत दिसेल, तेव्हा बाजारभाव म्हणजे काय ते आपोआप कळेल. भिंग आणि छोटा वजनकाटा पर्समध्ये टाक. नाणं हातात घेण्याआधी विचार, कडेनं धर, आणि ट्रेच्या वरच धर. एवढ्यावरूनच डीलर तुला जोखतो.

तिथे बायका अजून कमीच दिसतात. ‘मिस्टरांसाठी घेताय का?’ असं कुणी विचारेलही. ‘नाही, माझ्यासाठीच,’ म्हण आणि थेट टांकसाळीचा प्रश्न टाक. बोलण्याचा सूर लगेच बदलतो बघ. ‘ओरिजिनल आहे ना?’ हे मात्र विचारू नकोस, त्याला कोण नाही म्हणणार? ‘हे कुठलं, आणि कशावरून ओळखलंत?’ असं विचार. जाणकार असेल तो भिंग काढून दाखवायला लागतो. नसेल तो भाव उतरवायला लागतो.

तुझा डोळा शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर आहे, ठाऊक आहे मला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण शिवराई महाराजांच्या पश्चात, अगदी पेशवाईतही पाडली जात होती. सहज मिळते ती बहुधा नंतरची दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली. ती जरूर घे, पण ‘खुद्द महाराजांच्या काळातली’ म्हणून चढवलेला भाव देऊ नकोस. शिवाय ही नाणी हातानं ठोकून पाडलेली. कुठे अक्षर अर्धवट, कुठे कडेबाहेर गेलेलं. हुबेहूब सारख्या दोन मिळणं कठीणच. एकाच ट्रेमध्ये तीच खोच आणि तोच तुटका ‘छ’ दोन-तीन नाण्यांवर दिसला, की त्या साच्यात ओतलेल्या आहेत असं समज आणि पुढे चल.

इंग्रजी अमदानीतल्या रुपयाला काटा लाव. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेला असेल तर थोडं कमी. पण १९४० पासून वजन तेच राहिलं आणि चांदी निम्म्यावर आली, म्हणून साल वाचल्याशिवाय चांदीचा भाव देऊ नकोस. आणि रामदरबाराचं चित्र, वर ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असं लिहिलेलं काही पुढे केलं, तर हात जोड. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही.

स्वस्तातल्या ट्रेना नाक मुरडू नकोस हं. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली बघ. चौकट दिसली तर मुंबई, तारा दिसला तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाची चारही टांकसाळींची नाणी जमवायला घेतलीस, की दिवस कसा जातो कळत नाही, आणि खिसाही रिकामा होत नाही.

‘शेतात सापडलंय ताई, गुपचूप घ्या,’ असं कुणी कुजबुजलं तर तिथून सटक. सापडलेलं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तो १८७८ चा कायदा आजही लागू आहे. अमेरिकेतल्या मावसभावाला शिवराई पाठवायचं म्हणत होतीस ना, तेही विसर. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर धाडता येत नाही.

घेशील त्याची पावती माग. घरी आल्यावर चिंच, लिंबू, पावडर काही लावायचं नाही. तांब्यावर पिढ्यान्‌पिढ्यांत चढलेला तो काळपट रंगच त्याची किंमत राखतो. घासून चकचकीत केलेल्या नाण्याकडे जाणकार बघतसुद्धा नाहीत. पीव्हीसीच्या पिशव्याही टाळ, त्यातलं तांबं पुढे हिरवं, चिकट होतं.

माझं खरं म्हणणं एवढंच, की पहिल्या खेपेला नाणी कमी घे आणि नजर तयार करून ये. जमलं तर जाण्याआधी मुंबईला फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघ, म्हणजे अस्सल नाणं कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल. आणि पुस्तकांचा स्टॉल असला तर पहिली खरेदी तिथेच कर. माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं इंग्रजी पुस्तक मिळालं, तर भाव न करता घे.

आणि हो, १९३९ चा चांदीचा रुपया. फार दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकला फार. तो कुणी ‘तुमच्यासाठी म्हणून’ स्वस्तात द्यायला लागला, तर पाकीट मिटून ठेव आणि आधी मला फोन कर.