पिकांचा गंध आणि किडींची वाट

आळेफाट्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने आणे घाट चढून वर आले, की जुन्नर तालुक्याचे रूप पालटते. खाली कालव्याच्या पाण्यावरील ऊस आणि टोमॅटोची हिरवी पट्टी. वर पठारावर मुख्यतः पावसाच्या आणि विहिरींच्या तुटपुंज्या पाण्याच्या भरवशावरची शेती. ज्याची विहीर साथ देते तो थोड्या क्षेत्रात टोमॅटो लावतो आणि माल नारायणगावच्या बाजारात नेतो. अशा शेतकऱ्याचे दोन तोडे फळे पोखरणाऱ्या अळीने गेले, तर सारा हंगामच गेल्यासारखा होतो. या धास्तीने औषधाच्या फवारण्या वाढत जातात. फवारणीच्या आधी योजता येईल असा एक उपाय वनस्पतींच्या गंधात आहे.

कीटकाचे नाक म्हणजे त्याच्या डोक्यावरील शृंगिका. रात्री उडणारी पतंगाची मादी अंडी घालण्याजोगे झाड बरेचसे गंधावरून हुडकते. मोहरी व कोबी यांच्या कुळातील तिखट द्रव्य बहुतेक कीटकांना दूर ठेवते. परंतु ज्या थोड्या किडींनी ते पचवले, त्यांना तोच तिखटपणा घरचा पत्ता सांगतो. व्हर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये हे दाखवून दिले. कोबीवरील अळ्या एरवी ज्या पानांना तोंड लावत नाहीत, ती पाने हे द्रव्य लावून दिल्यावर त्यांनी खाल्ली.

म्हणूनच ‘झेंडू लावला की कीड पळते’ हे सर्रास ऐकू येणारे विधान तपासून घेतले पाहिजे. झेंडूच्या पानांतून निघणाऱ्या लिमोनीन या गंधद्रव्यामुळे काचगृहातील टोमॅटोवर पांढरी माशी कमी बसते, असे इंग्लंडमधील प्रयोगांत दिसून आले आहे. मुळांतील द्रव्याने सूत्रकृमींना आळा बसतो, पण तो गंधाचा भाग नव्हे. फळे पोखरणाऱ्या अळीच्या बाबतीत मात्र प्रकार नेमका उलटा आहे. तिची मादी झेंडूकडे ओढली जाते व टोमॅटो सोडून त्याच्या कळ्याफुलांवर अंडी घालते. झेंडू येथे राखणदार नसून आमिष आहे.

बंगळूरजवळील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यावरून सापळा पिकाची पद्धत बसवली. टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच वाढणाऱ्या झेंडूची १ ओळ घ्यावयाची. लागणीच्या वेळी झेंडूचे रोप ४० ते ४५ दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे, म्हणजे दोन्ही पिके एकाच सुमारास फुलावर येतात. सारे यश या मेळावर आहे. दोन्ही रोपे एकाच दिवशी टाकली, तर टोमॅटो फुलावर येतो तेव्हा झेंडू अजून कळी धरत नाही, आणि मादीला टोमॅटोखेरीज जागा उरत नाही. कोबीत मोहरीच्या ओळी घेतात, त्याही याच तत्त्वावर. तेथे मोहरी दोनदा पेरावी लागते, कारण ती लवकर जून होते.

केनियात १९९० नंतरच्या दशकात याच विचाराला दुसरी बाजू जोडण्यात आली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावली. तिच्या वासाने खोडकिडीचे पतंग मक्यापासून दूर जातात. शेताच्या कडेला लावलेले नेपियर गवत त्यांना आपल्याकडे ओढते, आणि दोन्हींचा चारा होतो. दुभत्या जनावरांवर संसार चालणाऱ्या कोरडवाहू गावांनी यातील चाऱ्याचा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. अर्थात आपल्याकडील किडींवर त्याची परीक्षा व्हावयास हवी.

शिक्षकांना शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. काही तुळशींत मिथाइल युजेनॉल असते. आंब्याच्या किंवा पेरूच्या झाडाखाली अशा तुळशीची पाने चुरगळून ठेवली, तर फळमाशीचे नर त्यावर येऊन बसतात. माद्या येत नाहीत. का, ते मुलांनाच विचारावे.

सापळा पिकाचा एक धोका सांगितलाच पाहिजे. आमिषावर आलेली कीड तेथेच वाढू दिली, तर ती ओळ किडीचे कोठार बनते. झेंडूवरील अंडी आणि अळ्या दर दोन-तीन दिवसांनी पाहाव्या, कीड लागलेल्या कळ्या व फुले खुडून खोल पुरावी, आणि गरज पडल्यास फवारणी त्या ओळीपुरती करावी. अडचण येते ती दसऱ्याच्या सुमारास. फुलाला भाव असतो आणि पोखरलेले फूलही टाकवत नाही. निरोगी फुले खुशाल विकावी. किडकी त्याच दिवशी वेगळी काढावी.