लिनक्सवरील वायफाय : दोष शोधण्याचा क्रम

देणगीरूपाने मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविले की पहिली तक्रार बहुधा एकच असते : ‘वायफाय दिसत नाही.’ अशाच तक्रारीवरून आमच्या संगणक कक्षातील चार लॅपटॉप भंगारात निघणार होते आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी मुले सायबर कॅफेत रांग लावीत होती. यंत्रे निर्दोष होती. आम्ही भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

प्रथम ‘आरएफकिल लिस्ट’ हा आदेश द्यावा. (आदेश अर्थातच रोमन लिपीत लिहावयाचे.) रेडिओ आज्ञेने बंद असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुरू होतो, लॅपटॉपच्या कडेचे बटण बंद असेल तर ते हातानेच सरकवावे लागते.

त्यानंतर ‘आयपी लिंक’ने जोडण्यांची यादी पाहावी. वायफायचे नाव ‘डब्ल्यूएल’ने सुरू होते. असे नाव यादीत नसेल तर पासवर्ड पुनःपुन्हा टाकण्यात अर्थ नाही. आम्ही नेमके तेच दोन दिवस केले! ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलमध्ये असतो. परंतु पुष्कळशा कार्डांना फर्मवेअर नावाची वेगळी फाइल लागते व ती संगणक सुरू होताना कार्डात भरली जाते. या फाइलींचा मूळ संकेत सहसा खुला नसतो, म्हणून डेबियनने त्या अनेक वर्षे आपल्या अधिकृत संचाबाहेर ठेवल्या होत्या. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून त्या संचातच मिळतात. आमच्याकडे त्याआधीची आवृत्ती होती. फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ ‘डीमेसग’च्या नोंदींत स्पष्ट होती, ती कोणी वाचली नव्हती. मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, फाइल उतरविली आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

यादीत नाव आले, तरी एखादे नेटवर्क दिसत नाही, असेही घडते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १ ते १३ वाहिन्या चालतात. अमेरिकेसाठी मांडलेले कार्ड बहुधा ११ वर थांबते. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने देश तपासावा.

शेवटी ‘एनएमसीएलआय’ने नेटवर्क निवडून पासवर्ड द्यावा. पासवर्ड मान्य होणे आणि आयपी पत्ता मिळणे या निराळ्या गोष्टी आहेत. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने तो दिलेलाच नाही, असे समजावे.

ते चारही लॅपटॉप अद्याप चालतात. एकाचा कळफलक तेवढा बदलावा लागला.