सुईच्या पानांचे जंगल

आपल्या ओळखीची जंगले दोन प्रकारची. एक सागाचे. उन्हाळा लागला की साग पाने टाकतो, रान उघडेबोडके दिसते. पाऊस पडला की ते पुन्हा हिरवे होते. याला पानझडी जंगल म्हणतात. दुसरे महाबळेश्वर, आंबोली अशा घाटमाथ्यावरचे. तिथे पाऊस फार. जांभूळ, अंजनी ही झाडे बारा महिने हिरवी राहतात. ते सदाहरित जंगल. या दोन्हींतल्या झाडांची पाने पसरट असतात.

आपल्या देशात तिसरेही एक जंगल आहे. तिथल्या झाडांची पाने सुईसारखी असतात. म्हणून त्याला सूचिपर्णी जंगल म्हणतात. सूची म्हणजे सुई, पर्ण म्हणजे पान.

बद्रीनाथाच्या यात्रेला गेलो तेव्हा हे जंगल मी पाहिले. ऋषिकेशजवळ सालाची झाडे होती. त्यांची पाने रुंद. गाडी डोंगर चढू लागली आणि चीडची झाडे दिसू लागली. चीड म्हणजे राग नव्हे बरं का! हे झाडाचे नाव आहे. त्याच्या सुया वीतभर लांब, तीन-तीनच्या जुडीने येतात. आणखी वर, जोशीमठाकडे, देवदार भेटला. त्याच्या सुया आखूड, झुपक्याने येणाऱ्या.

निसर्गाने अशी पाने का दिली असतील? उंचावर थंडीत बर्फ पडते. जमिनीतले पाणी गोठते, मुळांना ते मिळत नाही. पसरट पानातून पाणी लवकर उडून जाते. सुई बारीक असते, तिच्यावर मेणासारखा थर असतो. म्हणून पाणी टिकते. देवदाराचा आकारही देवळाच्या शिखरासारखा निमुळता. त्यावरून बर्फ घसरून पडते, फांद्या मोडत नाहीत.

या झाडांना आंब्या-जांभळासारखी फळे येत नाहीत. लाकडी बोंडे येतात. त्यांना शंकू म्हणतात. बी शंकूच्या खवल्यांत असते. बाजारात मिळणारे चिलगोजे हे अशाच एका झाडाचे बी. आपल्या समुद्रकाठचा सुरू दिसायला असाच, पण तो या कुळातला नाही.

वाटेत चहाच्या दुकानापाशी एक म्हातारी गवताचा भारा उतरवून बसली होती. मी म्हटले, "माताजी, तुमचे जंगल फार सुंदर!" ती हसली. म्हणाली, "सुंदर आहे, पण पाणी कुठं आहे? बांजाचं रान होतं तेव्हा झरा घराजवळ होता. आता चढण चढून जावं लागतं."

बांज हे तिकडचे रुंद पानांचे झाड. त्याची पाने कुजतात, माती भुसभुशीत होते, पावसाचे पाणी जमिनीत मुरते. चीडच्या सुयांत राळ असते. त्या लवकर कुजत नाहीत. उन्हाळ्यात त्यांचा जाड थर साचतो. तिकडे त्याला पिरूल म्हणतात. एक ठिणगी पडली की तो भडकतो. इंग्रजांच्या अमलात लाकडासाठी आणि राळेसाठी चीड मुद्दाम वाढवला गेला. त्याचे दुखणे आजही डोंगरातले लोक सोसतात. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळ बिनसरच्या जंगलात वणवा लागला. तो विझवायला गेलेले चार वनकर्मचारी त्या दिवशी प्राणाला मुकले.

यात चीडचा काय दोष? झाड आपल्या धर्माने वाढते. कोणते झाड कुठे, किती लावायचे, हे माणूस ठरवतो. काही गावांत बायका आता पिरूल गोळा करतात, त्याचे जळण करतात. आगीला तेवढाच आळा बसतो.

तुमच्या गावात झाडे लावायची ठरली, तर रोप हाती घेण्याआधी विचारा : याची पाने गळून कुजतील की नुसती साचतील? गुरांना चारा मिळेल का? विहिरीला पाणी राहील का? झाड म्हणजे नुसते लाकूड नव्हे.

प्रश्न
१. पानझडी, सदाहरित व सूचिपर्णी जंगलांत फरक काय?
२. म्हातारीचा झरा दूर का गेला?
३. तुमच्या शिवारातल्या कोणत्या झाडाखाली माती भुसभुशीत असते? पाहून या आणि लिहा.