वाकडी कमान, नीट पाटी

एकदा आम्ही फसलो. साताऱ्याकडच्या एका गावी शाळेच्या जुन्या कमानीत नावाची पाटी बसवायची होती. आम्ही अर्धीच कमान मोजली. कागद दुमडून दुसरी बाजू तशीच कापली. पण कमान दोन्हीकडे सारखी कुठे होती? पाटी एकीकडे अडली, दुसरीकडे दोन बोटे फट राहिली. वर्गणीचा पत्रा वाया गेला.

मग आम्ही नीट माप घेतले. ते असे:

१. कमानीच्या दोन टोकांमध्ये आडवी दोरी ताणा.
२. दोरीवर दर ६ इंचांवर खूण करा. टोकांजवळ कमान झपाट्याने चढते. तिथे दर ३ इंचांवर करा.
३. प्रत्येक खुणेवर ओळंबा धरून कमानीपर्यंतची उंची मोजा. आकडा लगेच लिहा. तोंडी माप विसरते.
४. कागदावर तीच रेघ, त्याच खुणा काढा. उंचीचे ठिपके द्या, जोडा.
५. कागद कापून कमानीत धरून पाहा. मगच पत्रा कापा.

जमिनीच्या शंकू-साखळी मोजणीतही हीच रीत असे. सांगलीकडे कृष्णाकाठच्या शेताची कड वाकडी असली, तर आत सरळ रेघ धरीत. तिच्यावरून काटकोनात कडेपर्यंतची अंतरे घेत. म्हणून ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा, हा हिशेब वाकड्या शेतालाही लागे.

ध्यानात ठेवा : वाकडे मोजायला आधी सरळ रेघ धरावी.

अभ्यास : घरच्या विळ्याचा बाक असाच मोजून कागदावर उतरवा.