चि. बाळूस पत्र

चि. बाळूस,


आक्काचा फोन आला होता. दिवसदिवस खोलीत पडून असतोस, जेवणावर वासना नाही, पहाटेच जाग येते, असं म्हणाली. दार नुसतं लोटलेलं असलं तरी कुणी येऊन उघडेल म्हणून तू उंबऱ्याशी उभा राहतोस, हेही तिने सांगितलं. ते ऐकून राहवेना, म्हणून लिहितो आहे.

हा आळस नाही बाळू. कळंब्याच्या जेलात तुझं उठणं, जेवणं, झोपणं सगळं गिनतीवर आणि दुसऱ्याच्या किल्लीवर चाललं. ती सवय दाखला हातात पडला म्हणून सुटत नाही. त्यात हे नैराश्य. केलेल्या गोष्टीची टोचणी तुला राहील, आणि राहावीही. पण तू जगायलाच लायक नाहीस असं जे आतून सारखं वाटतं, तो आजार आहे, आणि त्याला औषध आहे. सिव्हिलमध्ये मनोविकाराची ओपीडी असते, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. रात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ लाव. टेली-मानस सरकारी आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलतात. आणि मलाही उठव, वेळ बघू नको.

‘मन ताळ्यावर आलं की काम बघतो’ हे तुझं म्हणणं मला पटत नाही. औषध आणि काम बरोबरच सुरू व्हायला हवं, मग काम दिवसाला दोन तासच का असेना. पॅरोलवर आलास तेव्हा आक्काच्या कपाटाचं दार बसवलंस. बिजागरीची खाच पटाशीने इतकी बेताची घेतलीस की ते दार अजून घासत नाही. जेलच्या सुतारखान्यात शिकलेला हा हात तुझा स्वतःचा आहे.

स्वतःहून कामाला लागणं जड जातं, हे मला कळतं. आपल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाली. ते तिथे बायकामुलांसह राहून शेती करत. त्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा निघाला, आणि लोक त्यातल्या जेलरचंच कौतुक करतात. मला मात्र ते कैदी मोठे वाटतात. भिंत नसताना सकाळी आपल्या मनाने उठून शेतावर जाणं त्यांना पहिल्या दिवशी किती जड गेलं असेल, ते तुला कळेल.

विट्यातल्या एका मिस्त्रींशी बोललो आहे. तुझी केस त्यांना ठाऊक आहे, तरी ये म्हणाले. पुढेही कुणी विचारलं तर ‘शिक्षा भोगून आलोय, सुतारकाम येतं’ एवढं सरळ सांग. तपशील ज्याला-त्याला द्यायची गरज नाही. पण लपवून काम धरलंस तर रोज कुणी ओळखेल का या धास्तीत राहशील, आणि तुझ्या आत्ताच्या तब्येतीला ते झेपणार नाही.

सोमवारी सकाळी मी पहिल्या एसटीने येतो. सिव्हिलला केसपेपरची रांग लवकर लागते, तेव्हा तयार राहा. आधारकार्ड आणि सुटकेच्या दाखल्याची झेरॉक्स बरोबर घे. येताना रेशनकार्डावरचं तुझं नाव कमी झालंय का तेही तहसीलला विचारून घेऊ.

तुझा,
मामा